गुरूला एका फेरीला बारा वर्षे का लागतात? सूर्यापासूनचे अंतर आणि ग्रहांचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहस्थाचे दिवस जवळ आले की नाशिकमध्ये गुरू ग्रहाची चौकशी वाढते. आकाशनिरीक्षणाला आलेली मुले, त्यांचे आईवडील आणि कधी आजी-आजोबाही तेच विचारतात: गुरू बारा वर्षांनीच सिंहेत का येतो, शनी इतका संथ का, पृथ्वी नेमकी किती वेगाने धावते? हे सगळे एकाच नियमाचे धागे आहेत. म्हणून इथे सलग आणि सविस्तर उत्तरे दिली आहेत.

सूर्यापासून दूर असलेला ग्रह हळू फिरतो, हे खरे आहे का?

हो, आणि त्याला एकाही ग्रहाचा अपवाद नाही. बुधाचा सरासरी वेग सेकंदाला ४७.४ किमी, शुक्राचा ३५, पृथ्वीचा २९.८ आणि मंगळाचा २४.१. गुरूपाशी तो १३.१ वर येतो, शनीपाशी ९.६ च्या आसपास. युरेनस ६.८ आणि नेपच्यून ५.४ किमी वेगाने जातो. अंतराच्या क्रमाने ग्रह मांडले की वेगाची उतरंड आपोआप तयार होते.

दूरच्या ग्रहाची वाट लांब असते म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. एवढेच कारण ना?

हे अर्धेच कारण आहे, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. म्हणून शनीचा हिशेब पुरा करून पाहू.

पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४.९६ कोटी किमीवर आहे. शनी साधारण १४२.७ कोटी किमीवर, म्हणजे ९.५४ पट दूर. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा शनीची वाटही ९.५४ पट लांब. शनी पृथ्वीच्याच वेगाने चालत असता तर त्याची फेरी साडेनऊ वर्षांत संपली असती. प्रत्यक्षात लागतात २९.४६ वर्षे. वाट साडेनऊ पट, वेळ साडेएकोणतीस पट. मधली तिप्पट कुठून आली? शनीची चालच पृथ्वीच्या चालीच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी आहे, तिथून.

म्हणजे दूरच्या ग्रहाला उशीर दोन्हीकडून होतो. त्याची वाट लांब असते आणि पावलेही मंद पडतात.

सगळे ग्रह सारख्याच वेगाने चालतात आणि केवळ कक्षा मोठी असल्याने काहींना उशीर होतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ती स्पष्ट मांडली: प्रत्येक ग्रह आपापल्या कक्षेत सारखीच योजने (योजन हे अंतराचे जुने माप) कापतो. नंतरच्या सिद्धान्तग्रंथांनीही ती स्वीकारली. ग्रहांची अंतरे स्वतंत्रपणे मोजायचे साधन हाताशी नसताना हे गृहीतक अगदी वाजवी होते. त्यावर उभ्या राहिलेल्या गणिताने ग्रहांची आकाशातली स्थाने उत्तम सांगितली, कारण स्थान काढायला किलोमीटरमधला वेग लागत नाही. अंश आणि दिवस पुरतात.

मग हा नेमका नियम कोणी शोधला?

योहानेस केप्लर या जर्मन गणितज्ञाने. टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीशिवाय, निव्वळ डोळ्यांनी घेतलेल्या अत्यंत काटेकोर नोंदी त्याच्याकडे होत्या. १६०९ मध्ये त्याने पहिले दोन नियम प्रसिद्ध केले: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते, आणि ग्रह सूर्याच्या जवळ आला की त्याचा वेग वाढतो. तिसरा नियम हाती लागायला आणखी बरीच वर्षे गेली. तो १६१९ मध्ये छापून आला.

तिसरा नियम असा: फेरीचा काळ वर्षांत घ्या आणि त्याचा वर्ग करा. सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत घ्या आणि त्याचा घन करा. दोन्ही आकडे सारखे येतात. गुरूसाठी ५.२ चा घन १४०.६ आणि ११.८६ चा वर्ग १४०.७. शनीसाठी ९.५४ चा घन आणि २९.४६ चा वर्ग, दोन्ही ८६८ च्या घरात. आठवीतल्या मुलांना कॅल्क्युलेटर देऊन हे करायला सांगा. दोन आकडे जुळताना पाहिले की नियम पाठ करावा लागत नाही.

वेगाच्या भाषेत हाच नियम आणखी सोपा होतो. अंतर चौपट झाले तर वेग निम्मा, नऊपट झाले तर एक तृतीयांश. अंतराच्या वर्गमुळाने वेग घटतो.

हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत. काही सोपी मांडणी आहे का?

नाशिकचाच नकाशा घ्या. सूर्य रामकुंडावर ठेवा आणि पृथ्वी त्याच्यापासून एक किलोमीटरवर. या मापात सूर्याचा गोळा सव्वानऊ मीटर रुंद होतो आणि पृथ्वी जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. बुध रामकुंडापासून सरासरी चारशे मीटरच्याही आत फिरेल, मंगळ दीड किलोमीटरवर, गुरू सव्वापाचवर. शनी नाशिक रोड स्टेशन ओलांडून थोडा पुढे, साडेनऊ किलोमीटरवर. नेपच्यून तीस किलोमीटरवर, म्हणजे थेट त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपाशी.

आता दिवसाची चाल पाहा. याच मापात पृथ्वी रोज सुमारे १७ मीटर सरकते आणि बुध साडेसत्तावीस मीटर. गुरू साडेसात मीटर, शनी साडेपाचच्या आसपास. ब्रह्मगिरीवरचा नेपच्यून दिवसाला तीन मीटर पुढे जातो, आणि त्याच्यापुढे जवळपास १९० किलोमीटरची प्रदक्षिणा असते. तिला १६४.८ वर्षे लागतात. नेपच्यूनचा शोध १८४६ मध्ये लागला. शोधानंतरची त्याची पहिली फेरी पुरी झाली ती २०११ मध्ये.

पण दूर गेल्यावर वेग कमी का होतो? कोणी ब्रेक लावते का?

ब्रेक कोणी लावत नाही. अवकाशात ग्रहाला अडवणारे असे काही नाही. त्या अंतरावर टिकून राहायला जेवढा वेग लागतो, तेवढाच वेग असलेला ग्रह तिथे टिकतो.

ग्रहाला सरळ रेषेत निघून जायचे असते आणि सूर्य त्याला आपल्याकडे वळवत असतो. ओढ जोरदार असेल तर पडण्यापासून वाचायला वेग जास्त हवा. ओढ कमी असेल तर कमी वेगही पुरतो, आणि वेग जास्त झाला तर ग्रह निसटतो. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाने घटते: दुप्पट अंतरावर पाव, तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा हा नियम मांडला आणि त्यातून केप्लरचा तिसरा नियम गणिताने बाहेर पडतो हे दाखवून दिले. केप्लरने जे नोंदींतून हुडकले, त्यामागचे कारण तेव्हा कळले.

दोन काल्पनिक प्रयोग करून पाहिले की हे पक्के बसते. गुरूच्या जागी राहून एखाद्या ग्रहाला पृथ्वीचा वेग, म्हणजे सेकंदाला २९.८ किमी दिला, तर काय होईल? त्या अंतरावरून सूर्याच्या तावडीतून सुटायला साडेअठरा किमी वेग पुरतो. म्हणजे तो ग्रह सूर्यमाला सोडून कायमचा निघून जाईल. आता उलट करा. पृथ्वीचा वेग अचानक गुरूइतका, तेरा किमीवर आणला, तर ती सूर्याकडे झेपावेल आणि बुधाच्या कक्षेच्याही आत, सूर्यापासून सुमारे दीड-पावणेदोन कोटी किमीपर्यंत जाऊन परत फिरेल. सूर्यात मात्र पडणार नाही, कारण आडवा वेग थोडा का होईना शिल्लक आहे.

गुरू इतका अवजड आहे. तो वजनामुळे हळू चालतो का?

नाही. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, म्हणजे त्याच जागी पृथ्वी असती, तर तिच्यावर पडली असती त्याच्या तितक्याच पटीने सूर्याची ओढ त्याच्यावर जास्त. पण त्याला वळवायला बळही तितक्याच पटीने जास्त लागते. दोन्ही एकमेकांना छेदून जातात. गुरूच्या जागी एखादा धोंडा ठेवला तरी तो तेरा किमी वेगानेच फिरेल. वेग ठरतो तो सूर्याच्या वस्तुमानावर आणि अंतरावर.

सिंहस्थ बरोबर बारा वर्षांनी येतो का?

नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत असताना भरतो. म्हणजे हा मेळा गुरूच्या फेरीला बांधलेला आहे आणि फेरी ११.८६ वर्षांची आहे, पूर्ण बाराची नाही. फरक छोटा वाटतो, पण प्रत्येक फेरीला सुमारे ५० दिवस गुरू पंचांगातल्या बारा वर्षांच्या आधी पोहोचतो. सात फेऱ्यांना ८४ वर्षे धरली, तर गुरू त्या ८३ वर्षांत आटोपतो. साचलेल्या दिवसांचे जवळपास एक वर्ष होते. त्यामुळे बाराच्या साखळीत अधूनमधून अकरा वर्षांचे अंतर येतेच.

मला स्वतःला हे फार महत्त्वाचे वाटते. पंचांगकर्त्यांनी बारा हा सोयीचा आकडा कायम ठेवून मेळा भरवला असता, तर काही शतकांत सिंहस्थ नावालाच उरला असता आणि गुरू भलत्याच राशीत दिसला असता. त्यांनी आकाशाला प्रमाण मानले. २००३ आणि २०१५ नंतर आता २०२६-२७ हे साल त्याच हिशेबाने आले आहे.

गुरू सिंहेत जाऊन पुन्हा कर्केत येतो म्हणतात. ग्रह मागे कसा जाईल?

मागे जात नाही, तसा दिसतो. पृथ्वी सेकंदाला जवळपास तीस किमीने धावते आणि गुरू तेराने. आपली कक्षा आतली, आपला वेग जास्त. म्हणून दर १३ महिन्यांनी (३९९ दिवसांनी) पृथ्वी गुरूला आतल्या बाजूने गाठते आणि ओलांडून जाते. ओलांडताना मागच्या ताऱ्यांच्या पडद्यावर गुरू चार महिने उलटा सरकल्यासारखा दिसतो. यालाच आपण वक्री म्हणतो.

२०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस गुरू सिंहेत शिरतो, डिसेंबरमध्ये वक्री होतो, जानेवारी २०२७ मध्ये कर्केत परततो आणि एप्रिलमध्ये मार्गी होऊन, म्हणजे पुन्हा सरळ सरकू लागून, जूनअखेरीस पुन्हा सिंहेत येतो. फेब्रुवारीत पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधोमध असते. ओलांडण्याचा क्षण तोच, आणि तेव्हा गुरू रात्रभर आकाशात असतो. हे सारे दोन ग्रहांच्या वेगांतल्या फरकाने घडते. वेग सारखे असते तर वक्री हा शब्दच लागला नसता.

साडेसातीचा या वेगाशी संबंध आहे का?

तिच्या कालावधीचा आहे. शनी २९.४६ वर्षांत बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीला अडीच वर्षांहून जरा कमी वेळ. तीन राशींचे मिळून साडेसात वर्षांच्या जवळपास होतात. शनीचे अंतर निराळे असते तर हा आकडाही निराळा असता. फळाच्या बाजूचा भाग खगोलशास्त्राचा नाही, त्यामुळे तो इथे नाही.

पृथ्वीचा वेग वर्षभर सारखाच असतो का?

नसतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. ३-४ जानेवारीच्या सुमारास ती सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किमीवर असते आणि वेग ३०.३ किमी असतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, १५.२१ कोटी किमीवर, आणि वेग २९.३ किमी. सेकंदाला फक्त एक किमीचा फरक, पण तो दिनदर्शिकेत उमटतो. मार्चमधल्या विषुवदिनापासून सप्टेंबरमधल्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, आणि उरलेली अर्धी वाट पृथ्वी १७९ दिवसांत संपवते.

आपल्या अधिक महिन्याचे गणितही इथेच आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत येत नाही तो अधिक महिना. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. मिथुनेत सूर्य साडेएकतीस दिवस रेंगाळतो, कारण तेव्हा पृथ्वी मंद असते. दोन संक्रांतींच्या मध्ये अख्खा चांद्रमास आरामात मावतो. धनू राशीतला मुक्काम मात्र २९.३ दिवसांचाच, म्हणजे चांद्रमासाहूनही तोकडा, कारण तेव्हा पृथ्वी वेगात असते. म्हणून २०२३ ला अधिक श्रावण आला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, पण अधिक पौष कधी ऐकिवात येत नाही. उलट थंडीच्या महिन्यांतच क्वचित दोन संक्रांती एका चांद्रमासात सापडतात आणि क्षयमास येतो, म्हणजे एका महिन्याचे नाव गळते. १९६३-६४ आणि १९८२-८३ ला तसे घडले होते. केप्लरचा दुसरा नियम घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असा रोज टांगलेला असतो.

जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ, मग तेव्हाच निफाडला द्राक्षे गारठतात कशी?

थंडी-उन्हाळा अंतरावर अवलंबून नाही. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आहे, त्यामुळे जानेवारीत उत्तर गोलार्धावर किरणे तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो. जवळ असल्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊर्जा मिळते खरी, पण कलण्याचा परिणाम त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. निफाडच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, तेव्हा पृथ्वी वर्षातल्या सर्वाधिक वेगाने धावत असते.

सर्वांत जास्त फरक कुठे दिसतो?

धूमकेतूंमध्ये. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये सूर्याजवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५४ किमीच्या वर होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्याही पलीकडे, आपल्या सर्वांत दूरच्या टोकाला होता, आणि वेग एक किमीच्याही खाली उतरला होता. आता तो परतीच्या वाटेवर आहे आणि २०६१ मध्ये पुन्हा येईल. ग्रहांमध्ये बुध असा आहे: जवळच्या टोकाला ५९, दूरच्या टोकाला ३९ किमी.

माणसाने बनवलेल्या वस्तूंत सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेले नासाचे पार्कर यान. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किमीवरून गेले, तेव्हाचा वेग सेकंदाला जवळपास १९२ किमी. इंजिनाने इतका वेग येत नाही. तो सूर्याच्या दिशेने खाली पडण्यातून आला.

मंगळावर यान पाठवताना हा नियम कसा वापरतात?

इथे एक गंमतीदार गोष्ट आहे. मंगळ पृथ्वीपेक्षा हळू फिरतो, तरी तिथे जायला यानाला वेग वाढवावा लागतो. पृथ्वीवरून निघणाऱ्या यानाकडे पृथ्वीचा २९.८ किमी वेग असतोच. त्यात साधारण तीन किमीची भर घातली की त्याची कक्षा ताणली जाते आणि दूरचे टोक मंगळाच्या कक्षेला भिडते. पण त्या टोकाकडे चढताना यान वेग गमावत जाते आणि पोहोचेपर्यंत साडेएकवीस किमीवर येते. मंगळ चोवीसने येत असतो, म्हणजे मंगळच मागून येऊन यानाला गाठतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचले ते अशाच वाटेने.

हा नियम फक्त सूर्यापुरताच आहे का?

जिथे मधल्या एका जड गोलाभोवती इतर वस्तू फिरतात, तिथे तो लागू होतो. पृथ्वीपासून चारशे किमी उंचीवरचे अंतराळ स्थानक ७.७ किमी वेगाने दीड तासात फेरी मारते. टीव्हीच्या डिश ज्यांच्याकडे तोंड करून असतात ते उपग्रह सुमारे ३६ हजार किमी उंचीवर, ३.१ किमी वेगाने. चंद्र ३ लाख ८४ हजार किमीवर, सेकंदाला जेमतेम एक किमी.

आकाशगंगेत मात्र निराळे घडते. तिथल्या ताऱ्यांचा वेगही केंद्रापासून दूर जाताना असाच घटावा, अशी अपेक्षा होती. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आकाशगंगेसारख्या इतर दीर्घिकांमधले वेग मोजले, तर बाहेरच्या भागातले वेग घटतच नव्हते. म्हणजे तिथे न दिसणारे आणखी वस्तुमान असले पाहिजे. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात, आणि ते कशाचे बनले आहे याचा शोध अजून चालू आहे.

हे नाशिकमधून स्वतः पडताळून पाहता येईल का?

येईल, आणि दुर्बीण लागणार नाही. नाशिकच्या तारांगणात आकाशाची ओळख करून घ्या, मग शहराच्या उजेडापासून थोडे बाहेर, गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा त्र्यंबक रस्त्यावर मोकळे आकाश गाठा. सिंह राशीतला मघेचा ठळक तारा ओळखा. डिसेंबर २०२६ मध्ये गुरू त्याच्याजवळ, सुमारे तीन अंशांवर थांबलेला दिसेल. दर पंधरा दिवसांनी वहीत तारे काढा आणि गुरूची जागा मांडा, तारखेसह. सोबत शनीच्याही नोंदी ठेवा. वक्री-मार्गीची ये-जा धरूनही वर्षभरात गुरू साधारण तीस अंश पुढे गेलेला आढळेल आणि शनी बाराच्या आसपास. ३६० ला या आकड्यांनी भागा. एकदा बारा येतील, एकदा तीस. मग केप्लरचा नियम उलटा लावा: काळाचा वर्ग करा, त्याचे घनमूळ काढा. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या किती पट दूर आहे, हे तुमच्या वहीतूनच निघेल.